ब्रेक लागतो, पण सुटतच नाही! जुन्या गाडीतला हा दोष नेमका कुठे शोधायचा?

गाडी पंधरा-वीस वर्षं जुनी आहे, पण इंजिन अजून ठणठणीत आहे. तरीही गेल्या दोन-तीन महिन्यांत अ‍ॅव्हरेज पडलंय. सिग्नल सुटल्यावर गाडी आधीसारखी अलगद पुढे सरकत नाही, थोडी ढकलल्यासारखी वाटते. लांबचा पल्ला मारून आलं की एका चाकाजवळ क्लच प्लेट जळाल्यासारखा वास येतो.

अशा वेळी बहुतेकांचा संशय इंजिनवर जातो. मग प्लग बदलतात, एअर फिल्टर बदलतात, पेट्रोल पंप बदलून बघतात. कुणी तरी सांगतं, "गाडी म्हातारी झाली, विकून टाक." आणि या सगळ्यात जिथे खरं दुखणं आहे तिथे कुणी बघतच नाही. ते असतं चाकात. पाय पेडलवरून कधीच उचललेला असतो, तरी ब्रेक चाकाला धरून बसलेला असतो.

गॅरेजमध्ये याला 'ब्रेक धरतोय' किंवा 'चाक जाम येतंय' असं म्हणतात. ब्रेक न लागण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण ब्रेक न सुटणं हे किरकोळ समजलं जातं. थोडं पेट्रोल जास्त जाईल, बाकी काय, असा विचार असतो. पण हा दोष तसाच ठेवला तर त्याचा शेवट बऱ्याचदा ब्रेक न लागण्यातच होतो. ते कसं, हे आधी बघू.

चाकात गिझर लावल्यासारखं

एक सोपा हिशेब करू. समजा, एका चाकाचा ब्रेक अगदी हलका धरलाय, म्हणजे गाडीला साधारण दहा किलो वजनाच्या ओढीएवढा जोर मागे खेचतोय. विज्ञानाच्या पुस्तकातल्या भाषेत जवळपास १०० न्यूटन. गाडी ताशी ७२ किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोन्हीचा गुणाकार केला की येतात २,००० वॅट.

बाथरूममधला स्टोरेज गिझर साधारण तेवढ्याच वॅटचा असतो. म्हणजे पुणे-कोल्हापूर प्रवासात गाडीच्या एका चाकात एक गिझर सलग चालू आहे असं समजा. आणि त्याचं बिल पेट्रोलमधून जातंय.

ही उष्णता आधी डिस्क आणि पॅडमध्ये जाते, तिथून कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये. खरा धोका इथे सुरू होतो. ब्रेकची सगळी यंत्रणा एका गोष्टीवर चालते, द्रव दाबला जात नाही. पायाने दिलेला जोर म्हणूनच ऑइलमधून जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. पण ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. मग पाय पेडल दाबतो, पेडल स्पंजासारखं खाली जातं, आणि जोर चाकापर्यंत न पोहोचता बुडबुडे दाबण्यातच संपतो.

नवं कोरं 'डॉट ३' ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, 'डॉट ४' किमान २३० अंशांपर्यंत, असं मानक आहे. आकडे मोठे वाटतात. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाण्याचं प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेलं की हीच किमान मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. जुन्या गाडीत सात-आठ वर्षं ऑइल बदललेलंच नसतं, फक्त वरून भर घातलेली असते. धरलेला ब्रेक आणि पाणी प्यायलेलं ऑइल एकत्र आलं, आणि त्यात समोर कुंभार्ली किंवा खंबाटकीचा उतार आला, की काय होऊ शकतं हे सांगायला नको.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. गाडी कडेला अर्धा-पाऊण तास उभी केली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल पुन्हा कडक लागतं. मग चालकाला वाटतं, आपलाच काही तरी भास झाला. आणि तो पुढे निघतो.

ब्रेक लावायला पाय असतो, सोडायला कोण असतं?

दोष शोधायचा तर ब्रेक सुटतो कसा, हे कळायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत, म्हणजे झेन, सँट्रो, इंडिका यांसारख्यांमध्ये, पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत तर चारही चाकांना ड्रमच असायचे.

ड्रमचं सोपं आहे. आत दोन ब्रेक शू असतात, ज्यांना बरेच जण लायनर म्हणतात. पाय दाबला की चाकातला छोटा सिलेंडर त्यांना बाहेर ढकलतो, पाय काढला की स्प्रिंग त्यांना आत ओढते.

डिस्कमध्ये मात्र अशी ओढणारी स्प्रिंग बहुतेक वेळा नसतेच! कॅलिपरमध्ये एक पिस्टन असतो आणि त्याच्याभोवती चौकोनी कडांचं एक रबरी सील. ब्रेक लावताना पिस्टन पुढे सरकतो, तेव्हा हे रबर किंचित पिळवटतं. पाय काढला की रबर पूर्ववत होतं आणि होता होता पिस्टनला मागे ओढतं. किती? मिलिमीटरचाही काही भागच. एवढ्याशा हालचालीवर चाक मोकळं होणं अवलंबून असतं.

याचा अर्थ असा की ब्रेक लावायला पायाचा, पेडलच्या तरफेचा आणि बूस्टरचा मिळून प्रचंड जोर असतो, आणि सोडायला एका रबराचा लवचीकपणा. थोडा गंज, थोडी धूळ, पाईपमध्ये थोडी अडचण, यातलं काहीही लावताना आड येत नाही. सोडताना मात्र आड येतं. म्हणूनच अशी गाडी ब्रेक छान लावते आणि मालकाला वाटतं, ब्रेक उत्तम आहेत.

आणखी एक गोष्ट. चाकातून परत येणारं ऑइल मास्टर सिलेंडरमधल्या एका अगदी बारीक छिद्रातून वरच्या टाकीत जातं. पेडल पूर्ण वर आलं तरच हे छिद्र उघडं पडतं. ते बंद राहिलं तर गरम होऊन फुगलेल्या ऑइलला जायला जागा राहत नाही. मग दाब वाढतो, ब्रेक आणखी धरतो, ऑइल आणखी तापतं, दाब आणखी वाढतो. काही गाड्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर हळूहळू जड होत जातात आणि शेवटी जागेवर थांबतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

गॅरेजमध्ये नेलं की गाडी शहाणी होते

हा दोष गरम असताना दिसतो. गाडी रात्रभर उभी राहिली, सकाळी गॅरेजला नेली, मेकॅनिकने चाक उचलून फिरवलं, तर ते सुरेख फिरतं. "काही नाही साहेब, एकदम ओके आहे," असं उत्तर मिळतं. त्यात त्याचं चुकत नाही. त्याला दाखवलेली गाडी खरंच ठीक असते.

म्हणून मेकॅनिकला गाडी थंड असताना देण्याऐवजी त्याला शेजारी बसवून पंधरा-वीस मिनिटं फिरवावी, मध्ये मध्ये ब्रेक लावावेत आणि लगेच तपासायला लावावी. निम्मं निदान इथेच होतं.

त्याआधी कोणतं चाक धरतंय, हे घरच्या घरीही कळतं. रिकाम्या, सपाट रस्त्यावर थोडं चालवा आणि शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न वापरता थांबा. मग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. जवळ न्या, टेकवू नका. आणि डिस्कला तर अजिबात हात लावू नका, भाजेल. लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तमच. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त गरम असणं साहजिक आहे, कारण जास्त काम तीच करतात. बघायचं ते डावं-उजवं. पुढचं डावं आणि पुढचं उजवं यांत मोठा फरक असेल, तर दोषी चाक सापडलं.

रिमवरची काळी भुकटीही बोलते. एकाच रिमवर ती दाट बसत असेल, तर तिथले पॅड विनाकारण झिजताहेत. ब्रेक न लावताही स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, तरी संशय त्याच बाजूवर जातो. अर्थात टायरमधली हवा आणि अलाइनमेंट आधी बघावी. आणि चाक गरम होण्यासोबत वेगाबरोबर वाढणारा घूं घूं आवाज येत असेल, तर ब्रेकऐवजी बेअरिंग गेलेलं असू शकतं.

किती चाकं धरताहेत, यावरूनही दिशा कळते. एकच चाक असेल तर दोष बहुधा त्या चाकापाशी. मागची दोन्ही असतील तर पहिला संशय हँडब्रेकच्या केबलवर. चारही असतील तर पेडल, बूस्टर किंवा मास्टर सिलेंडर. आणि पुढचं डावं व मागचं उजवं अशी तिरकी जोडी असेल तर? तेही समजण्यासारखं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकच्या पाईपचे दोन भाग असे तिरके जोडलेले असतात, एक फुटला तर दुसरा वाचावा म्हणून. तिरकी जोडी धरली म्हणजे मास्टर सिलेंडरचा तेवढाच भाग अडकलाय.

निपल उघडा, उत्तर मिळेल

आता या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. धरणाऱ्या ब्रेकची कारणं वीस असतील, पण ती दोनच गटांत बसतात. एक, ऑइलचा दाब पाईपमध्ये अडकून राहिलाय. दोन, दाब कधीच गेलाय, पण लोखंड लोखंडाला चिकटून बसलंय. हे दोन गट वेगळे न करता सुटे भाग बदलायला सुरुवात केली, की पैसे वाया जायला सुरुवात होते.

आणि ते वेगळे करायला एक पाना पुरतो.

प्रत्येक चाकाच्या कॅलिपरवर किंवा ड्रमच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. ब्रेकमधली एअर काढताना मेकॅनिक जो उघडतात, तोच निपल. गाडी सपाट जागी घ्यायची, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, चाक जॅकने उचलून खाली स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही. चाक धरलेलं असतानाच निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडायचं आणि निपल पाव आटा सैल करायचा.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं फिरलं, तर दाब अडकलेला होता. कॅलिपर बिचारा निर्दोष आहे. चिळकांडी नाही, चाक तसंच घट्ट, तर दोष त्या चाकातल्या यांत्रिक भागात आहे.

या एका चाचणीने बराच खर्च वाचतो, कारण चाक गरम होतंय म्हटल्यावर सर्रास बदलला जातो तो कॅलिपर. नवा कॅलिपर बसतो, एअर काढताना अडकलेला दाबही निघून जातो, गाडी चार दिवस बरी चालते. पाचव्या दिवशी तोच वास. मग "पार्टच डुप्लिकेट निघाला" असं म्हणून दुसरा कॅलिपर येतो.

जुन्या गाडीत निपल गंजून बसलेला असतो, घाईत फिरवला तर तुटतो आणि काम लेथपर्यंत जातं. गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवणं आणि फिक्स पान्याऐवजी रिंग पाना वापरणं बरं. ब्रेकचं काम कधी केलेलं नसेल, तर ही चाचणी मेकॅनिककडून, पण समोर उभं राहून करून घ्यावी.

दाब अडकलाय, पण कुठे?

चाकापासून वर जायचं. ब्रेक दाबून पुन्हा चाक जाम करायचं आणि या वेळी निपलऐवजी लोखंडी पाईप आणि रबरी होज पाईप जिथे जोडले आहेत, तो जोड किंचित सैल करायचा. तिथे उघडूनही चाक मोकळं झालं नाही, पण निपल उघडल्यावर झालं, तर दोष या दोघांच्या मध्ये आहे. मध्ये एकच वस्तू असते, होज पाईप.

हा होज पाईप मोठा गमतीशीर आरोपी आहे. बाहेरून चकचकीत, कुठे चीर नाही, गळती नाही. पण आतलं अस्तर वर्षानुवर्षं फुगून किंवा सुटून वाट अरुंद झालेली असते. पायाचा जोर ऑइलला त्यातून रेटून नेतो, परतताना मात्र मागे एवढासा जोर असतो, त्यामुळे ऑइल अडकतं किंवा अगदी हळू परततं. थोडक्यात, तो एकेरी वाहतुकीचा रस्ता होतो. कॅलिपरच्या तुलनेत हा पाईप स्वस्त असतो, आणि एक गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच जुना असतो. दोन्ही एकदम बदलावेत.

होजच्या वरच्या टोकाला उघडल्यावर चाक मोकळं झालं, तर अजून वर, मास्टर सिलेंडरकडे. मास्टर सिलेंडर बूस्टरवर दोन नटांनी बसवलेला असतो. ते नट एक-दोन मिलिमीटर सैल करून मास्टर पुढे सरकवला आणि ब्रेक सुटले, तर मास्टर बहुधा चांगला आहे, त्याला मागून कुणी तरी दाबून धरलंय. एक तर बूस्टरचा दांडा जास्त बाहेर आलाय, जे बूस्टर बदलल्यानंतर हटकून घडतं, किंवा पेडल पूर्ण वर येत नाहीये. पेडलच्या वर असलेला ब्रेक लाइटचा स्विच जास्त आत बसवला गेला, तरी पेडल किंचित दाबलेलं राहतं. एका स्विचमुळे चारही चाकं तापलीत, यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही. पेडलला थोडा मोकळा खेळ हवा, तो किती हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

नट सैल करूनही ब्रेक सुटले नाहीत, तर मात्र मास्टर सिलेंडरमधलं ते बारीक छिद्र कचऱ्याने किंवा फुगलेल्या रबराने बंद झालंय.

फुगलेलं रबर म्हटलं की एक चूक सांगायलाच हवी. ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल घालणारे लोक आहेत. नावात 'ऑइल' असलं तरी ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसतं. ब्रेकमधली रबरं खनिज तेलात फुगतात. मास्टरपासून चारही चाकांपर्यंत सगळी सीलं आणि होज पाईप बाद होतात, नुसतं ऑइल काढून भागत नाही. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर हाच प्रकार झालाय असं समजावं.

दाब नाही, तरी चाक घट्ट

मागचं चाक असेल तर सगळ्यात आधी हँडब्रेकची केबल सैल करून बघायची. केबलच्या बाहेरच्या आवरणाला चीर पडली की पावसाचं पाणी आत जातं, तार गंजते, लिव्हर खाली केला तरी तार परत येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या खारट हवेत हे लवकर होतं. दुसरं कारण माणसाने केलेलं असतं. लायनर झिजले की हँडब्रेक लांब येतो. मग ड्रम उघडून लायनर अ‍ॅडजस्ट करण्याऐवजी केबलच आवळली जाते. हँडब्रेक दोन खटक्यांत लागतो, मालक खूश होतो, आणि लायनर कायमचे ड्रमला टेकून बसतात. योग्य क्रम उलटा आहे, आधी लायनर आणि मग केबल.

केबल निर्दोष असेल तर ड्रम काढायचा. आत ओढणारी स्प्रिंग ढिली झालीय का, सिलेंडरचा पिस्टन गंजून अडकलाय का, आणि लायनर ज्या पत्र्यावर सरकतात त्यावर खड्डे पडलेत का, हे बघायचं. ही शेवटची जागा बरेच जण पाहत नाहीत. लायनरची कड त्या खड्ड्यात अडकते आणि नवे लायनर टाकले तरी तिथेच अडकते.

ड्रम उघडल्यावर हवेचा पाईप मारून धूळ उडवायची सवय मात्र सोडायला हवी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसासाठी घातक आहे. ओल्या फडक्याने पुसणं चांगलं.

डिस्कच्या बाजूला तीन जागा असतात. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्या सुकून अडकतात. अशा वेळी आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजलेला दिसतो, ही तिची खूण. दुसरी जागा, पॅड ज्या खाचेत बसतात ती. गंज वाढला की पॅड खाचेत फसतो. साफ घासली की काम झालं. तिसरी, खुद्द पिस्टन. बाहेरचं रबरी बूट फाटलं की पाणी आणि चिखल आत जातो, पिस्टनवर गंजाचे खड्डे पडतात. खड्डे पडलेल्या पिस्टनवर नवं सील बसवणं म्हणजे फाटक्या छत्रीला नवी मूठ लावणं. पिस्टन गुळगुळीत असेल तरच फक्त सील किट पुरतं, नाही तर पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

सुटे भाग धुताना पेट्रोल, डिझेल, रॉकेल टाळायचं. कारण तेच, रबर. ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर वापरावा. पिनांना साधं पिवळं ग्रीसही नको. ब्रेकसाठीचं वेगळं, रबराला चालणारं आणि उष्णता सोसणारं ग्रीस मिळतं, तेच लावायचं.

ऑइल बदलताना झाकणावर लिहिलंय तेच घालायचं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ सहसा चालतं. 'डॉट ५' मात्र सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळत नाही. 'डॉट ५.१' हे पुन्हा डॉट ४ च्या कुळातलं, म्हणजे नावावरून गोंधळ व्हायला पूर्ण वाव आहे. बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं योग्य मानलं जातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, कारण ते रंग खातं.

रस्त्यातच चाक जाम झालं तर?

घाट उतरताना वास आला किंवा गाडी जड वाटली, तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली दगड लावायचा. मागची चाकं तापली असतील तर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले लायनर ड्रमला आणखी चिकटतील. चाकावर पाणीही ओतायचं नाही, तापलेली डिस्क अचानक थंड झाली तर वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. धूर वाढत असेल तर सगळ्यांनी उतरून लांब व्हायचं, कारण चाकातला जाळ टायरला लागू शकतो. थंड झाल्यावर पेडल कडक लागलं, म्हणून तीच गाडी उरलेला घाट उतरवायची नाही. तिथून टो करूनच न्यावी.

काही ठिकाणी 'तात्पुरता उपाय' म्हणून त्या चाकाचा ब्रेक पाईप चिमट्याने दाबून किंवा ठोकून बंद करतात. चाक मोकळं होतं, गाडी घरी पोहोचते. अडचण अशी की तात्पुरतं असलेलं हे काम पुढे महिनोन् महिने तसंच राहतं, आणि एका चाकाला ब्रेकच नसलेली गाडी ओल्या रस्त्यावर करकचून थांबवली की गर्रकन फिरते. असा उपाय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणावं.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच हायवेला काढू नये. आधी इंजिन चालू करून पेडल दोन-चार वेळा दाबायचं, कडक लागतंय का बघायचं. मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक घ्यायचे. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पुन्हा चारही चाकांजवळ हात न्यायचा. डावं-उजवं सारखंच कोमट लागलं, तर काम झालं. नवे पॅड डिस्कला हलके घासल्याचा आवाज सुरुवातीला येतो, तो चालतो. हाताने चाक फिरत असेल तर काळजी नाही.

आणि जी गाडी पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावच्या अंगणात उभी राहणार आहे, तिचा हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओल्या ड्रमला लायनर गंजून असे चिकटतात की दिवाळीला गाडी काढताना मागची चाकं फिरतच नाहीत, फरफटत येतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, आणि पंधरा दिवसांनी चार-पाच किलोमीटर फिरवून दोन-तीनदा ब्रेक मारून आणली, तर एवढ्याने पिस्टनही हलते राहतात आणि डिस्कवरचा गंजही निघून जातो.